माणूस जाऊ द्यायचा नाही

मुलाचं नाव दिग्विजय ठेवताना आईबापांनी जरा पुढचा विचार करावा. मुलगा मोठेपणी कुठे कारकून झाला, तर ते नाव हजेरीपटावर मुकाट्याने पडून राहतं, कुणाला त्रास नाही. पण तो खरोखरच चार देश फिरून आला, तर त्याच्या शेजाऱ्यांनी काय करायचं?

आमच्या वरच्या क्वार्टरमध्ये दिग्विजय खाडे राहायला आले तेव्हापासून मला हा प्रश्न पडायला लागला आणि पुढे कित्येक वर्षं पडत राहिला. दिल्लीतल्या आर. के. पुरममधलं ते क्वार्टर खरं तर त्यांच्या बायकोला मिळालेलं. मृणाल माझ्याच मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. शांत, कामसू, मान खाली घालून फायली संपवणारी. तिच्या मागोमाग ट्रकमधून सामान उतरलं आणि सामानाच्या मागोमाग हे उतरले. उतरले ते थेट जिन्याच्या वळणावर पाय फाकवून, हात पसरून उभे राहिले. सोफा घेऊन चढणाऱ्या मजुरांना कळेना, साहेब मदत करतायत की अडवतायत. मी दार उघडून पाहिलं तेव्हा सोफा डावीकडून निसटायला बघत होता आणि साहेबही डावीकडे सरकत होते.

"नमस्कार वैनी," ते तिथूनच म्हणाले. "दिग्विजय खाडे. कोल्हापूर. डिफेंडर. पाच देश."

मी आपलं "चहा घेणार का?" एवढंच विचारलं. पाच देशांना तोडीस तोड असं माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

कोल्हापूर म्हटल्यावर मला कुस्ती आठवते, आणि चहा देताना मी तसं बोलून गेले. त्यावर मला अर्धा तास व्याख्यान ऐकावं लागलं. कोल्हापुरात पेठापेठांतल्या तालमींच्या फुटबॉल टीमा असतात, मॅचच्या दिवशी अख्खी पेठ मैदानावर लोटते, आणि हरलेल्या पेठेत त्या दिवशी मटण शिजत नाही, हे मला तेव्हा कळलं. दिग्विजयराव त्या तालमीतून गोव्याला गेले, गोव्याहून कोलकात्याला आणि तिथून पुढे नेपाळ, बांगलादेश, भूतान, ओमान आणि मालदीव. हा दिग्विजय मी नंतर माझ्या मुलाच्या शाळेच्या नकाशात पडताळून पाहिला. निम्म्या देशांत आमच्या ऑफिसातले लोक एल.टी.सी.चा सरकारी प्रवासखर्च नसतानाही सहलीला जाऊन आले होते. पण ते परत येऊन गप्प बसले होते.

दिग्विजयराव गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांच्याकडे प्रत्येक देशाचा एक ट्रॅकसूट होता आणि प्रत्येक ट्रॅकसूटला वार नेमून दिलेला होता. सोमवारी नेपाळ, मंगळवारी बांगलादेश, बुधवारी हिरवागार ओमान. आमच्या गल्लीतला भाजीवाला त्यांच्यावरून वार ओळखायचा. "साहब हरे में हैं, मतलब आज बुध है, आज बहनजी मेथी लेंगी," असं तो मला खालून ओरडून सांगायचा. शनिवारी-रविवारी ते बनियन घालून पार्कात बसत, कारण सहाव्या देशाने त्यांना बोलावलं नव्हतं.

त्यांच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर एक मोठी फ्रेम होती. मालदीवच्या टीमचा फोटो. मागे निळा समुद्र, पुढे चषक आणि चषकाभोवती दाटीवाटीने उभे राहिलेले खेळाडू. घरात येणाऱ्या प्रत्येकाला पाण्याच्या आधी हा फोटो मिळायचा. दिग्विजयराव त्यात कुठे आहेत, असं विचारलं की ते उठून गोलकीपरच्या हातमोज्यामागे दिसणाऱ्या एका उजव्या कानावर बोट ठेवत.

"ह्यो माझा."

पाहुणे कानाकडे बघत, मग दिग्विजयरावांच्या कानाकडे बघत, आणि "वा वा" म्हणत. आमचे हे तर एकदा चष्मा लावून जवळ गेले आणि "अगदी हुबेहूब" म्हणून आले. जिन्यात आल्यावर आम्ही दोघं तोंडाला रुमाल लावून हसलो.

त्या फोटोखाली बसून ते मालदीवच्या गोष्टी सांगायचे. तिथला क्लब त्यांना इतका जपायचा की त्यांचा पासपोर्ट मॅनेजर स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवायचा. "दुसऱ्या क्लबनं पळवू नये म्हणून! असली व्हॅल्यू होती वैनी आपली. एवढी काळजी तर आमच्या मिसेस पण घेत न्हाईत." हे ऐकून मृणाल उठून आत चहाला जायची. मला वाटायचं, बिचारीला तीच ती गोष्ट ऐकून कंटाळा येत असेल.

मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. पण डिफेंडर हा प्राणी कसा असतो, हे त्यांच्या शेजारी राहून चांगलंच कळलं. हा माणूस कधी भिंतीकडे तोंड करून बसायचा नाही. कुणाच्याही घरी गेला तरी पाठ भिंतीला आणि नजर दारावर. दुधाच्या बूथवर रांगेत उभा राहिला की पुढच्या माणसाच्या सदऱ्याचं टोक हळूच बोटांत धरायचा. कॉर्नर किकच्या वेळी असं धरावं लागतं म्हणे. पुढचा माणूस रागाने वळला की हे आकाशाकडे बघत. मी कितीदा तरी पाहिलंय, हात सदऱ्यावर आणि नजर कडुनिंबाच्या शेंड्यावर. एका सरदारजींनी एकदा त्यांना चांगलंच फैलावर घेतलं होतं, तर हे दोन्ही हात वर करून "मैंने कुछ नहीं किया जी" असं इतक्या निरागसपणे म्हणाले की शेवटी सरदारजींनीच माफी मागितली.

काम अंगावर घ्यायचं नाही, आलं तर लांब टोलवायचं, हा त्यांचा दुसरा गुण. गणपतीच्या मीटिंगमध्ये त्यांच्याकडे वर्गणी, मंडप, आरत्या, काहीही दिलं तरी ते क्षणात दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणात जाऊन पडलेलं असे. याला ते "क्लिअर करणं" म्हणत. मला वाटतं, हा माणूस आमच्या मंत्रालयात असता तर सचिव म्हणूनच निवृत्त झाला असता.

आणि एक वाक्य. दिवसातून एकदा तरी ते यायचंच. कोल्हापूरच्या त्यांच्या वस्तादांनी लहानपणी कानात सांगितलेलं. "बॉल गेला तर जाऊ दे, माणूस जाऊ द्यायचा न्हाई. माणूस गेला तर जाऊ दे, बॉल जाऊ द्यायचा न्हाई. दोन्ही एकदम गेले, की तू गेलास." मग थांबून, पानात चुना लावावा तशी पुस्ती जोडत, "पण खरं सांगू का वैनी? मी आपला माणूस धरायचो. बॉलचं काय, बॉल परत येतोय."

संक्रांतीला आमची मराठी मंडळी बस करून पानिपतला जातात. गारठ्यात कुडकुडत हार घालायचा, तिळगूळ वाटायचा, आपण अडीचशे वर्षांपूर्वी कसे हरलो ते ऐकायचं आणि येताना पानिपतची स्वस्त ब्लँकेटं घेऊन यायची, असा तो कार्यक्रम. बसमध्ये सरकारी कुटुंबं असतात, तशी यू.पी.एस.सी.ची तयारी करायला गावाकडून आलेली मुलंमुलीही असतात. इतिहास सांगायचं काम देशपांडे सरांचं, हे निवृत्त शिक्षक. दरवर्षी त्याच वाक्याला त्यांचा गळा दाटून येतो आणि बायका पदर डोळ्यांना लावतात. त्या वर्षी ते वाक्य यायच्या आत दिग्विजयरावांनी हात वर केला.

"सर, तोफखाना चांगला मारा करत होता म्हणता. मग आपले घोडेस्वार लाइन सोडून पुढं कशापायी पळाले?"

"उत्साहाच्या भरात," सर म्हणाले.

"झालं! उत्साह! तिथंच मॅच गेली." ते उभेच राहिले. "डिफेन्स म्हणजे कंटाळा, सर. ज्याला कंटाळा सोसतो त्यानंच मागं उभं राहावं. आपल्या माणसाला कंटाळा सोसत न्हाई. त्याला उठलं की अटकेपार जायचं असतंय."

मग त्यांनी स्मारकासमोर आम्हा चार बायकांना तिळगुळाच्या डब्यांसकट एका रेषेत उभं केलं आणि लाइन कशी धरायची याचं प्रात्यक्षिक दाखवलं. मी लेफ्ट बॅक होते. परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीने हसू दाबत विचारलं, "काका, तुम्ही स्वतः कधी गोल मारलाय का?"

"ते माझं काम न्हाई," दिग्विजयराव अभिमानाने म्हणाले.

देशपांडे सर पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. स्वतः पाच वेळा अटकेपार जाऊन आलेल्या माणसाने इतरांना घरी बसायचा उपदेश करावा, याची मात्र मला गंमत वाटली. तेव्हा नुसती गंमतच वाटली.

त्याच थंडीत आमच्या सेक्टरमध्ये महाराष्ट्र विरुद्ध बंगाल अशी मॅच झाली. जो हरेल त्याने दुसऱ्याला आपल्याकडचं जेवण खाऊ घालायचं, असा आमच्याकडे रिवाज. आमच्याकडे पाच देशांचा डिफेंडर असल्यामुळे आम्ही बायका आधीच मासे खायच्या तयारीत होतो. पार्कात विटा लावून गोल केले होते. रेफ्री नायरसाहेब, वय वर्षं सत्तर, ऊन चुकवत बाकावर बसलेले. शिट्टी त्यांच्या स्वेटरच्या खिशात, आणि ती फक्त चहा आला की बाहेर यायची. ऑफसाइड धरायचा नाही, हे आधीच ठरलं होतं, कारण ऑफसाइड म्हणजे काय हे दोन्हीकडच्या कुणालाच समजावून सांगता येत नव्हतं.

शेवटची पाच मिनिटं उरेपर्यंत एकही गोल झाला नाही. दिग्विजयराव खरंच भिंतीसारखे उभे होते. कबूल करते, त्या दिवशी ते ट्रॅकसूटमध्ये शोभत होते. मग बंगालकडून कुणीतरी बॉल लांब मारला आणि तो लेखा विभागातल्या घोषबाबूंपुढे येऊन पडला. घोषबाबू आमच्या गोलजवळच उभे होते. कमरेला हात लावून विश्रांती घेत होते. नियमाने तो ऑफसाइड होता म्हणे. दिग्विजयरावांनी दोन पावलं पुढे येऊन, रेफ्रीकडे ऑफसाइड मागायला, उजवा हात सरळ आकाशात उभारला, बाकाकडे पाहिलं, आणि थांबले. नायरसाहेब थर्मासचं झाकण फिरवत होते. घोषबाबूंनी आधी मागे पाहिलं, मग पुढे पाहिलं, पोट सावरलं, आणि सावकाश चालत जाऊन, पायाच्या आतल्या बाजूने, देवाला फूल वाहावं तसा बॉल दोन विटांमधून आत सारला. दिग्विजयरावांचा हात तरीही वरच होता.

आम्ही तीन बायकांनी पुरण वाटून पोळ्या केल्या. घोषबाबू चार खाऊन म्हणाले, "बहुत अच्छा, बस मीठा थोड़ा कम है."

दुसऱ्या दिवशी जिन्यात मी त्यांना गाठलं. "भावजी, धावला असतात तर बॉल तुमचाच होता. हात वर करून उभे का राहिलात?"

"वैनी, हात वर केला की डिफेंडरचं काम संपलं. पुढचं रेफ्रीनं बघायचं."

"आणि रेफ्रीने नाही पाहिलं तर?"

ते कठडा धरून एक पायरी चढले. मग "गॅस आला का तुमचा?" असं विचारून वर गेले. क्लिअर केलं.

आता सईबद्दल सांगायला हवं. त्यांची एकुलती एक मुलगी. दिल्लीत वाढल्यामुळे तिच्या मराठीत अर्धे शब्द हिंदी, आणि उरलेले कोल्हापुरी. लहानपणापासून संध्याकाळी पार्कात बापलेकीचा एकच खेळ चाले. तिने बॉल घेऊन बापाला चुकवून पुढे जायचं आणि बापाने जाऊ द्यायचं नाही. इतर बाप मुलांना मुद्दाम जिंकू देतात. याने वर्षानुवर्षं एकदाही दिलं नाही. ती रडायची, चिडायची, हिंदीत शिव्या द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी परत यायची. मी गॅलरीत मेथी निवडत बघत असे. एका संध्याकाळी, अकरावीत असेल ती, सईने खांदा डावीकडे टाकला आणि उजवीकडून निघून गेली. बॉलही गेला, माणूसही गेला. दिग्विजयराव क्षणभर रिकाम्या गवताकडे बघत राहिले आणि मग त्यांनी चक्क हात वर केला. ऑफसाइड! अख्ख्या पार्कात खेळणारी माणसं दोन.

"बाबा, यार, किसको दिखा रहे हो?" सई लांबून ओरडली. आम्ही गॅलरीत पोट धरून हसलो.

ती फॉरवर्ड झाली, पुढे जाऊन गोल मारणारी. होणारच होती. असल्या माणसासमोर दहा वर्षं काढल्यावर पुढचं कोण तिला अडवणार? कॉलेजात ती दिल्लीच्या चांगल्या टीमांत खेळायला लागली, आणि शेवटच्या वर्षी ताश्कंदच्या एका मुलींच्या क्लबने तिला बोलावलं. एका मोसमासाठी. मृणालने ऑफिसात पेढे वाटले. दिग्विजयराव पेढा खाऊन म्हणाले, "बघू." गुरुग्रामच्या ज्या शाळेत ते खेळ शिकवायचे, तिथे महिनोन्‌महिने मुलांना बॉलशिवाय नुसतं उभं राहायला शिकवून त्यांनी पालकांना असंच जेरीस आणलं होतं. मुलं गोल मारणार कधी, असं विचारायला बड्या गाड्यांतून येणाऱ्या आयांनाही ते "देखेंगे" म्हणायचे. घरी मात्र हे "बघू" वेगळं होतं. तिकडे थंडी फार. तिकडे खाण्याचे हाल. एम.ए. कर. पुढच्या वर्षी बघू. रोज एक नवीन कारण. सईने एकेक कारण चुकवलं, आणि शेवटी त्यांच्याकडे कारणं उरली नाहीत.

मग पासपोर्ट हरवला.

एका शनिवारी दुपारी मृणालने वरून हाक मारली. "ताई, जरा येता का? सईचा पासपोर्ट सापडत नाही." व्हिसासाठी तो सोमवारी द्यायचाच होता, नाहीतर क्लब तिच्या जागी दुसरी मुलगी घेणार होता. मी गेले. घराची दैना झाली होती. कपाट रिकामं, बॉक्स बेडमधल्या रजया जमिनीवर, तांदळाचा डबासुद्धा उपसून झालेला. सई फरशीवर बसून रडत होती. "काकू, मी इथंच ठेवला होता, बिल्कुल इथंच. कसम से."

मीही शोधायला लागले. देव्हाऱ्यामागे पाहिलं, फ्रिजवर पाहिलं. आणि तासाभराने माझ्या लक्षात आलं की या सगळ्या पळापळीत घरातलं एक माणूस जागचं हललेलं नाही. दिग्विजयराव सोफ्याजवळ उभे होते. पाठ भिंतीला, पाय जरा फाकवलेले, नजर आमच्यावर. मी डावीकडे गेले की ते किंचित डावीकडे वळत. आमच्या कॉलनीत कुणीही सांगितलं असतं, हा माणूस विनाकारण कुठे उभा राहत नाही. जिथे गोल असतो तिथे उभा राहतो.

"भावजी," मी म्हटलं, "जरा बाजूला व्हा."

"कशाला?"

"तुमचा कान बघायचाय."

ते बाजूला झाले नाहीत. पण मृणालने त्यांच्याकडे पाहिलं, मग फोटोकडे पाहिलं, आणि त्यांच्या खांद्यावरून हात घालून फ्रेम खिळ्यावरून उचलली. मागच्या पुठ्ठ्यातून पासपोर्ट खाली पडला.

सई उठून उभी राहिली. मला वाटलं, आता ओरडेल. ती ओरडली नाही. "तुम्ही तर बोलायचे, पाच देश, इतनी इज्जत, इतनी व्हॅल्यू," ती म्हणाली. "मग मला का नाही जाऊ देत, बाबा?"

दिग्विजयराव सोफ्याच्या कडेवर वळून बसले. पहिल्यांदाच भिंतीकडे तोंड करून.

"तो कान माझा न्हाई," ते म्हणाले.

मृणालने हातातली फ्रेम खाली ठेवली.

"फोटो मी काढलाय. मला म्हणाले, तू रिकामाच आहेस, तू काढ." मग ते एकेक बोलत गेले, थांबत थांबत, भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याला सांगितल्यासारखे. नेपाळात खेळलो, खरंच खेळलो. बांगलादेशातही लोक नावानं हाक मारायचे. भूतान, ओमानला आज आत, उद्या बाहेर. मालदीवला पहिल्या महिन्यात गुडघा गेला आणि त्यानंतर मैदानात पाय ठेवला न्हाई. क्लबच्या पोरांचे बूट पुसले, मासळी आणली. पासपोर्ट मॅनेजरच्या कपाटात.

"आई गेली तेव्हा मी तिथं होतो," ते म्हणाले. "दाजींचा फोन आला, सिरियस आहे, ये. मी मॅनेजरकडं गेलो. म्हणाला, मॅच झाल्यावर बघू. रोज त्याच्या दारात जाऊन उभा राहायचो. रोज म्हणायचा, बघू. खेळवत पण न्हवते आणि सोडत पण न्हवते. मॅच माझ्याशिवाय झाली, आणि आईचं पण माझ्याशिवायच झालं. मी पोचलो तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. मांडव पण सोडला होता."

मला रडू आवरेना. इतकी वर्षं आम्ही ज्या कानाला हसत होतो, तो दुसऱ्याच कुणाचा तरी होता. आणि पार्कात वर झालेला तो हात मला एकदम त्या मॅनेजरच्या दारात दिसायला लागला. मृणाल मात्र रडत नव्हती. तिला ते सगळं माहीत होतं. चहाच्या निमित्ताने ती कशासाठी आत जायची, ते मला तेव्हा कळलं.

सईने जमिनीवरून पासपोर्ट उचलला. झटकला. बापासमोर धरला.

"बाबा, त्या मॅनेजरने कपाटात ठेवला. तुम्ही फोटोमागे."

ती इतकंच बोलली, आणि ते फार हळू बोलली. या वाक्याला टोलवायला जागा नव्हती. दिग्विजयराव म्हणाले, "तिथं कुणालाही द्यायचा न्हाई. कुणालाही! मॅनेजर म्हणाला तरी. कोच म्हणाली तरी."

"नाही देणार."

"आंघोळीला जाताना पण बरोबर न्यायचा."

"भीगेगा ना, बाबा."

"प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यायचा," दिग्विजयराव म्हणाले, आणि उठून स्वयंपाकघरात पिशवी शोधायला गेले. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घातलेल्या असतात, त्यातली एक त्यांनी आणली. चांगली, न फाटलेली.

पुढच्या वर्षी मृणालची बदली नागपूरला झाली आणि वरच्या क्वार्टरमध्ये एक तमिळ कुटुंब आलं. सज्जन माणसं आहेत, कुणाचा सदरा धरत नाहीत. दिग्विजयरावांचा फोन येतो अधूनमधून. सई तिकडे गोल मारते, हे सांगताना ते प्रत्येक वेळी "डिफेन्स कच्चा आहे तिकडचा" अशी पुस्ती जोडतात. पण मला ते आठवतात ते नागपूरचे नाहीत, आणि आर. के. पुरमचेही नाहीत.

सई निघाली त्या दिवशी आम्ही आमच्या गाडीतून विमानतळावर गेलो होतो. दुपारची वेळ. दिग्विजयराव ट्रॅकसूटमध्ये नव्हते. इस्त्रीचा शर्ट, पॅन्ट, ऑफिसला निघाल्यासारखे. बाहेरच्यांना दरवाजापर्यंतच जाता येतं. तिथल्या शिपायाने तिकीट आणि पासपोर्ट मागितला, सईने पिशवीतून काढून दिला, आणि शिपाई तो उलटून पाहायला लागला.

"वापस लो! सई, वापस घे त्याच्याकडून!" दिग्विजयराव कठड्यावरून असे ओरडले की चार-पाच ट्रॉल्या जागच्या जागी थांबल्या. शिपायाने दचकून पासपोर्ट परत दिला. मृणालने कपाळाला हात लावला. "भाईसाहब, देखना पड़ता है," शिपाई म्हणाला. "देख लिया ना? बस," दिग्विजयराव म्हणाले.

सईने वाकून दोघांना नमस्कार केला, आईला मिठी मारली, आणि खांदा जरासा डावीकडे टाकून बापाच्या उजव्या बाजूने आत निघून गेली. मी तिथेच उभी होते, नीट पाहिलं. त्यांनी पाय हलवला नाही. सदराही धरला नाही.

आत गेल्यावर काचेपलीकडे ती वळली आणि तिने ती दुधाची पिशवी, आतल्या पासपोर्टसकट, उंच धरून दाखवली. दिग्विजयरावांनी उजवा हात वर केला. सरळ, आकाशात, बोटं जुळवून. ती गर्दीत दिसेनाशी झाली तरी हात खाली येईना. मृणाल दोनदा "अहो, चला" म्हणाली. तेवढ्यात आमच्या मागे जोरात शिट्टी वाजली. गाड्या हलवणारा ट्रॅफिकवाला आमच्या गाडीकडे बोट दाखवून ओरडत होता, "चलो, चलो, बहुत टाइम हो गया, गाड़ी आगे लो!"

शिट्टी ऐकल्याबरोबर दिग्विजयरावांनी हात खाली घेतला आणि मुकाट्याने गाडीकडे चालायला लागले.